पातूरची पाटी आणि आपण



अकोला जिल्ह्यातील पातूर हे गाव आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील भाविकांना परके नाही. मेहकरहून मालेगावमार्गे अकोल्यास जाणाऱ्यास ते वाटेतच लागते. जुन्या कागदपत्रांत या गावाचा उल्लेख 'पातूर शेखबाबू' असा आढळतो. म्हणजे गावाच्या नावातच एक मराठी व एक मुसलमानी शब्द शेजारी नांदत होते. या गावच्या नगरपरिषदेच्या इमारतीवर एक पाटी आहे. वर मराठीत नगरपरिषदेचे नाव व त्याखाली तेच नाव उर्दूत. या चार शब्दांच्या पाटीवरून जो वाद सुरू झाला तो जिल्हाधिकारी कार्यालयापासून थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा निकाल १५ एप्रिल २०२५ रोजी लागला. वृत्तपत्रांनी दोन दिवस त्याची दखल घेतली आणि नंतर तो विषय मागे पडला. आम्हांला मात्र तो सहज मागे टाकण्याजोगा वाटत नाही. अल्पसंख्य समाज म्हणून जगणाऱ्या आणि मराठी ही आपली भाषा मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर त्याचा सावकाश विचार करावयास हवा.

प्रथम घडले काय ते पाहू. नगरपरिषदेच्या एका माजी सदस्येने असा आक्षेप घेतला की, महाराष्ट्रात नगरपरिषदेचा कारभार मराठीतच चालला पाहिजे, सबब पाटीवर उर्दू नको. २०२० साली नगरपरिषदेने बहुमताने हा आक्षेप फेटाळला. १९५६ पासून येथे मराठीबरोबर उर्दूचा वापर चालत आला आहे आणि गावातील पुष्कळ लोकांना ती भाषा वाचता येते, असे परिषदेचे म्हणणे होते. जिल्हाधिकाऱ्यांनी आक्षेप मान्य करून संपूर्ण मराठीचा आदेश दिला. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो रद्द केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. दरम्यान राज्य शासनाने २०२२ साली स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेविषयी नवा अधिनियम केला आणि त्याच्या आधारे वाद पुन्हा उभा राहिला. उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी याचिका फेटाळली आणि वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाचे न्या. सुधांशू धुलिया व न्या. के. विनोद चंद्रन यांनी तोच निर्णय कायम केला.

निकालाचा गाभा साधा आहे. २०२२ चा अधिनियम मराठीचा वापर आवश्यक करतो; मराठीबरोबर दुसरी भाषा लिहू नये असे तो कोठेही म्हणत नाही. कायद्याच्या दृष्टीने एवढे पुरेसे होते. परंतु न्यायमूर्ती तेथेच थांबले नाहीत. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती एखाद्या प्रदेशाची व लोकसमूहाची असते आणि तिचे पहिले काम परस्परांशी बोलणे हे असते, असे त्यांनी विस्ताराने लिहिले. उर्दू ही मराठी व हिंदीप्रमाणेच याच भूमीत जन्मलेली आर्यकुळातील भाषा आहे, याचीही त्यांनी आठवण दिली. अदालत, वकालतनामा, हलफनामा, पेशी हे शब्द ज्या न्यायालयात रोज उच्चारले जातात त्या न्यायालयाने उर्दूला परकी कसे म्हणावे, हा त्यांचा मुद्दा तर बिनतोड आहे. आपल्या शेतकऱ्याचे तरी वेगळे काय? जमीन, अर्ज, वारस, दाखला, तहसील, तारीख, वकील, जप्ती हे शब्द काढून टाकले तर वऱ्हाडातल्या माणसाला आपले गाऱ्हाणे मांडताच यायचे नाही. हे शब्द शतकानुशतकांच्या मुसलमानी अमदानीत येथे आले, मराठीने ते आपलेसे केले आणि आज त्यांना कोणी पाहुणे म्हणत नाही.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मराठीला राज्यकारभारात मानाचे स्थान असावे ही इच्छा कोणा संकुचित माणसाच्या डोक्यातून निघालेली नाही. आपल्याच जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे जन्मलेल्या जिजाऊंच्या पुत्राने फारसी शब्दांच्या जागी देशी प्रतिशब्द रूढ व्हावेत म्हणून राजव्यवहारकोश रचवून घेतला. राज्य आपले, मग त्याची भाषाही प्रजेला कळणारी असावी, हा त्यामागील विचार होता. १९६४ च्या राजभाषा अधिनियमामागेही तोच विचार आहे. ज्या शेतकऱ्याला इंग्रजी येत नाही त्याला त्याच्या जमिनीविषयीचा आदेश इंग्रजीत देणे हा अन्याय आहे आणि तो दूर करणारा कायदा हा गरिबांच्या बाजूचा कायदा आहे. आमचा या कायद्यांना मनापासून पाठिंबा आहे. प्रश्न इतकाच की, 'मराठी असलीच पाहिजे' हे वाक्य 'मराठीवाचून दुसरे काही असता कामा नये' या वाक्यात कोणत्या क्षणी बदलते? पातूरला ते बदलू पाहत होते. न्यायालयाने ते बदलू दिले नाही.

मात्र निकालाचे स्वागत करताना एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटली. न्यायालयाने उर्दूला मुभा दिली आहे, हक्क दिलेला नाही. पातूरच्या सदस्यांनी पाटी ठेवायचे ठरविले म्हणून ती राहिली. उद्या दुसऱ्या एखाद्या नगरपरिषदेत बहुमताने उर्दू काढून टाकायचे ठरले, तर या निकालाच्या आधारे ती परत लावून घेता येईल असे आम्हांला दिसत नाही. अल्पसंख्यांची भाषा अशा रीतीने शेजाऱ्याच्या सद्भावनेवर अवलंबून राहते. सद्भावना मोठी गोष्ट आहे. पण निवडणुकीच्या दिवसांत ती किती टिकते हे आपण सारे जाणतो.

योगायोग असा की, या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिल २०२५ रोजी, राज्य शासनाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला. त्याविरुद्ध महाराष्ट्रभर जो क्षोभ उसळला तो ताजाच आहे. १७ जूनला शासनाने शब्द सौम्य केले, पण त्याने समाधान झाले नाही; अखेर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर झाले. आमच्या मते हा निर्णय मागे घेतला गेला हे योग्यच झाले. सहा वर्षांच्या लेकरावर तीन भाषांचे ओझे घालण्यात शिक्षणशास्त्राचा काही आधार नव्हता. परंतु त्या दिवसांतील मराठी माणसाची भावना आठवून पाहावी. 'आमच्यावर मोठ्या संख्येची भाषा लादली जात आहे, आमची भाषा आमच्याच घरात मागे सरत आहे' ही ती भावना. देशात अल्पसंख्य असल्याची ही जाणीव मराठी माणसाला एप्रिलमध्ये झाली, आणि त्याच आठवड्यात पातूरच्या उर्दू वाचकाला तीच जाणीव पाच वर्षांपासून होत होती हे किती जणांच्या लक्षात आले?

बेळगावकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. तेथील मराठी भाषक वर्षानुवर्षे मागतात ते काय? सरकारी परिपत्रके, मतदारयाद्या, उतारे, नगरपालिकेच्या सूचना कन्नडबरोबर मराठीतही मिळाव्यात. त्यासाठी ते १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या वेळी केंद्राने मान्य केलेल्या संरक्षणांचा आधार घेतात. ज्या भागात एखाद्या भाषिक अल्पसंख्य समाजाचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे पंधरा टक्क्यांवर आहे तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही काढाव्यात, असे ते धोरण आहे. कर्नाटकाने आपल्या भाषाविषयक कायद्यात २०२४ साली दुरुस्ती करून दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड आवश्यक केली, तेव्हा सीमाभागातील मराठी दुकानदार अस्वस्थ झाले आणि त्यांच्या अस्वस्थतेशी आपण सारे सहमत झालो. बेळगावात जे मागणे न्याय्य ते पातुरात अन्याय्य कसे होईल? हा प्रश्न आम्ही एका सुशिक्षित स्नेह्याला विचारला, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "फादर, ती गोष्ट वेगळी आहे." वेगळी कशी ते मात्र त्यांना सांगता आले नाही.

आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना 'द्वैभाषिक' हा शब्द चांगला आठवत असे. बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत हिंदी व मराठी अशा दोन भाषांच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात, म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. चार वर्षांत तीन राज्ये, आणि गाव मात्र जागचे हलले नाही. या साऱ्या काळात आपल्या आजोबांनी दोन भाषांत अर्ज केले, बाजारात तिसरी बोलली आणि घरात 'मले', 'तुले' म्हणत वऱ्हाडी चालू ठेवली. द्वैभाषिक राज्य गेले, पण द्वैभाषिक माणूस कोठे गेला आहे? मलकापूर, खामगाव, नांदुरा येथील बाजारपेठेत सकाळी तासभर उभे राहिले तरी याचे उत्तर मिळते.

जगात हा प्रश्न केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. कॅनडा हा इंग्रजी व फ्रेंच अशा दोन राजभाषांचा देश. तेथील क्वेबेक प्रांत फ्रेंच भाषकांचा आणि परंपरेने कॅथलिक. सभोवतालच्या इंग्रजीच्या महासागरात आपली भाषा बुडेल या भीतीने क्वेबेकने १९७७ साली फ्रेंच भाषेची सनद केली आणि दुकानांच्या पाट्या केवळ फ्रेंचमध्ये असाव्यात असा नियम घातला. १९८८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फ्रेंच ठळकपणे असलीच पाहिजे ही अट ठीक आहे, पण दुसऱ्या भाषेवर पूर्ण बंदी ठीक नाही. प्रांतिक सरकारने तो निर्णय काही काळ टाळला. शेवटी १९९३ साली कायदा बदलून फ्रेंचला प्राधान्य व इतर भाषांना जागा अशी तडजोड झाली. पातूरचा निकाल वाचताना आम्हांला त्या तडजोडीची आठवण झाली. क्वेबेकची भीती खोटी नव्हती, जशी मराठी माणसाची खोटी नाही. पण भीतीपोटी केलेला कायदा स्वतःहून दुर्बल असलेल्या तिसऱ्यावरच प्रथम पडतो.

आता आपल्याकडे वळू. या विषयावर बोलताना ख्रिस्तसभेने दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी स्वतःचा इतिहास वाचलेला बरा. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने येथील भाषा आत्मसात करून मराठीत ख्रिस्तपुराण रचले; ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. मराठीच्या गोडव्याचे त्याने केलेले गुणगान शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. हा आपला अभिमानाचा ठेवा. पण त्यानंतर सत्तर वर्षेही झाली नव्हती तोच, २७ जून १६८४ रोजी, गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. हे फर्मान काढण्यात काही धर्मगुरूंचाच आग्रह होता. एका संन्यस्ताने भाषेचे व्याकरण लिहावे आणि दुसऱ्यांनी तिचे तोंड बंद करावे, असे दोन्ही प्रकार आपल्याच घरात झाले. फर्मान कागदावर राहिले व कोकणी जगली. परंतु बाप्तिस्म्याबरोबर भाषाही बदलावी लागते ही समजूत लोकांच्या मनात त्या काळाने पेरली.

त्या समजुतीचे फळ आपण आजही चाखतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आयुष्यभर मराठीत लिहिले, 'सुवार्ता'चे संपादन केले, बायबलचा सुबोध मराठी अनुवाद केला. २०१९ साली उस्मानाबाद येथे होणाऱ्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा काही मंडळींनी एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा, असा सूर लावला. संमेलन जानेवारी २०२० मध्ये झाले आणि फादर दिब्रिटो आजारी असतानाही तेथे गेले. २५ जुलै २०२४ रोजी ते देवाघरी गेले. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे जे न्यायालयाने उर्दूविषयी म्हटले तेच त्यांच्या संदर्भात मराठीविषयी म्हणावे लागले होते. उर्दू मुसलमानांची हे म्हणणे आणि मराठी ख्रिस्ती माणसाची नव्हे हे म्हणणे, या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. म्हणून पातूरची पाटी ही आपलीही पाटी आहे.

गोव्यातील आपल्या बांधवांची गोष्टही येथे सांगावीशी वाटते, कारण तेथे कायद्याने लिपीचाच प्रश्न उभा केला. १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने कोकणीला राजभाषा केले, परंतु कोकणी म्हणजे देवनागरी लिपीतील कोकणी अशी व्याख्या केली; मराठीलाही शासकीय कामासाठी मुभा ठेवली. गोव्यातील कॅथलिक भाविकाची प्रार्थनापुस्तके, गीते, वृत्तपत्रे रोमी लिपीतली. आपली भाषा जिंकली आणि आपली अक्षरे हरली, अशी त्याची विचित्र स्थिती झाली. पुढे १९९० साली शासनाने प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे ठरविले, तेव्हा धर्मप्रांताच्या शाळांनी इंग्रजी सोडून कोकणी माध्यम स्वीकारले. २०११ साली इंग्रजी शाळांना अनुदान मिळू लागले आणि त्या मागणीत कॅथलिक पालक पुढे होते. आम्ही त्यांना दोष देत नाही. पण मातृभाषेवरील प्रेम व मुलाच्या भवितव्याची चिंता यांच्यात आईबाप कोणती निवड करतात, हे त्यावरून दिसते.

आपल्या धर्मप्रांतात काय दिसते? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले आणि लॅटिनच्या जागी लोकभाषेला वेदीजवळ स्थान मिळाले. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे पहिल्या मराठी मिस्साची आठवण सांगताना डोळे पुसत असत. आज विदर्भातल्या अनेक धर्मग्रामांत परप्रांतीय धर्मगुरू व धर्मभगिनी मोठ्या निष्ठेने सेवा करतात आणि त्यांतील कित्येकांनी उत्तम मराठी आत्मसात केली आहे. तरीही रविवारच्या मिस्सात चार पाहुणे असले की आपण पटकन हिंदीवर किंवा इंग्रजीवर जातो. एका धर्मग्रामातील एक वृद्ध आजी अशा वेळी मागच्या बाकावर बसून मराठीत जपमाळ करीत राहतात. आम्ही त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाप्पा, देवाले मराठी समजते न? मंग मी त्याच्याशी बोलून घेतो." या आजी भाषिक अल्पसंख्य कोठे झाल्या? स्वतःच्या चर्चमध्ये!

शाळांविषयी तर अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने धार्मिक व भाषिक अल्पसंख्यांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा मूलभूत हक्क दिला. हा हक्क आपण प्राणपणाने जपतो आणि जपलाही पाहिजे. परंतु त्या हक्काच्या छत्राखाली आपण बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढविल्या. लोकांना त्याच हव्या होत्या, हे खरे. २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी विषय अनिवार्य केला तेव्हा आपल्यातील काही व्यवस्थापकांनी नाके मुरडली. त्यांनी २००४ सालचा उषा मेहता खटल्याचा निकाल आठवावा. गुजराती भाषिक अल्पसंख्य शाळांनी मराठीच्या सक्तीला आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. जेथे राहतो तेथील भाषा शिकणे हे अल्पसंख्यांच्या हक्कावर आक्रमण नव्हे, असा त्याचा आशय. आम्हांला तो पटतो. उर्दू शाळेतील मुलांनाही चांगली मराठी शिकविली पाहिजे. ती केवळ कागदावर शिकविली गेली तर तोटा त्या मुलांचाच. तलाठ्यापासून पोलिसापर्यंत प्रत्येक परीक्षेत ती मागे पडतात. पाटीवर उर्दू राहावी आणि मुलाला मराठी यावी, या दोन इच्छांत विरोध नाही.

येथवर मराठी, उर्दू, हिंदी व इंग्रजी या समर्थ भाषांची चर्चा झाली. उर्दूसुद्धा समर्थच, २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात तिचे सुमारे ७५ लाख भाषक होते, तिला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान आहे, ग्रंथ आहेत, वकील आहेत. परंतु आपल्याच जिल्ह्यात एक भाषा अशी आहे जिच्यासाठी कोणीही न्यायालयात गेलेले नाही, कारण तिची पाटी कधी लागलीच नाही. ती भाषा निहाली.

जळगाव जामोद व संग्रामपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी जामोद, सोनबर्डी, चालठाणा, अंबाबारवा, वसाली अशी गावे आहेत. तेथे व पलीकडे तापीच्या खोऱ्यात निहाल समाज राहतो. त्यांची बोली जगातील भाषाशास्त्रज्ञांना गेली शंभरहून अधिक वर्षे कोड्यात टाकीत आली आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात १९०६ साली तिची नोंद मुंडा कुळातील कोरकूच्या जवळ झाली. पुढे कायपर या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. तिच्यात कोरकूचे शब्द पुष्कळ आहेत, द्राविडी व मराठी-हिंदीचेही आहेत. परंतु ते सारे वेगळे काढले तरी सुमारे पाव हिस्सा शब्द असे उरतात की त्यांचे नाते कोणत्याही ज्ञात भाषेशी जुळत नाही. आर्य नव्हे, द्राविड नव्हे, मुंडाही नव्हे. म्हणजे आपण सारे येथे येण्यापूर्वी या डोंगरात जे लोक बोलत असतील त्यांच्या बोलण्याचा एखादा धागा या शब्दांत शिल्लक असण्याचा संभव आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. ज्या भाषेपुढे मराठीचे वय कदाचित लेकराचे ठरेल ती भाषा आपल्या जळगाव जामोद तालुक्यात आहे, हे जिल्ह्यातील किती शिक्षकांना ठाऊक असेल?

ही बोली बोलणारे दोन-अडीच हजार लोक असावेत. निहाल माणूस घराबाहेर कोरकू बोलतो, बाजारात मराठी-हिंदी बोलतो आणि निहाली घरातल्या घरात, तीही म्हाताऱ्यांशी. तिला लिपी नाही, पाठ्यपुस्तक नाही. घटनेत १९५६ साली घातलेला ३५० 'अ' हा अनुच्छेद सांगतो की, भाषिक अल्पसंख्य समाजाच्या बालकांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा. 'प्रयत्न करावा' हे शब्द किती मवाळ आहेत पाहा. निहाल बालक पहिलीत येते तेव्हा गुरुजींचे प्रमाण मराठी त्याला समजत नाही आणि त्याची भाषा गुरुजींना समजत नाही. वर्गातला वऱ्हाडी मुलगासुद्धा 'मले' म्हणाला की हसू होते. पेत्राला त्या रात्री अंगणात त्याच्या गालिली बोलण्यावरूनच ओळखले होते. मग या लेकराने तोंड उघडावे तरी कसे? ते मुके राहते आणि नोंदवहीत 'अभ्यासात मागे' असा शेरा येतो.

आणखी एक गोष्ट. ज्या भाषेचे भाषक दहा हजारांहून कमी तिचे आकडे जनगणनेच्या तक्त्यांत स्वतंत्रपणे दिले जात नाहीत. २०११ साली लोकांनी मातृभाषा म्हणून एकोणीस हजारांहून अधिक नावे सांगितली; छाननीनंतर प्रसिद्ध तक्त्यांत १२१ भाषा उरल्या. त्यांत निहाली नाही. जी भाषा तक्त्यात नाही तिच्यासाठी योजना नाही, पुस्तक नाही, शिक्षक नाही.

यात आपण काय करू शकतो, असे काही वाचकांनी विचारावे हे स्वाभाविक आहे. नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली असून तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा ठरला आहे. गेल्या जनगणनेत प्रत्येक व्यक्तीची मातृभाषा विचारली गेली होती व त्यापुढे तिला येणाऱ्या आणखी दोन भाषांची नोंद करण्याची सोय होती. त्या वेळी आपल्यातील कित्येकांनी मोठेपणासाठी मराठीच्या जागी दुसरेच काही सांगितले, हे आम्ही जाणतो. डोंगराकडील पाड्यांवर जाणारे आपले धर्मशिक्षक, परिचारिका भगिनी व शिक्षक यांना आम्ही विनंती करतो की, गणनेचे दिवस येतील तेव्हा निहाल व कोरकू कुटुंबांना त्यांच्या भाषेचे नाव न लाजता सांगण्यास धीर द्यावा. प्रगणकाने घाईत 'मराठी' किंवा 'कोरकू' लिहू नये, विचारून लिहावे, एवढे त्याला नम्रपणे सुचवावे. तोवर जळगाव जामोद परिसरातील ज्या वाचकांच्या घरी किंवा शेजारी निहाली जाणणारी वृद्ध माणसे असतील त्यांनी आमच्याकडे निरोप पाठवावा. त्यांची संमती असेल तर त्यांचे शब्द, गोष्टी व गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचा आमचा मानस आहे.